पीटर कार्टराइट: नांगर आणि व्यासपीठ, कागदांतून जुळवताना

पीटर कार्टराइट यांचा जन्म १ सप्टेंबर १७८५ चा, व्हर्जिनियातला. मृत्यू २५ सप्टेंबर १८७२, इलिनॉय राज्यात सँगमन काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) प्लेझंट प्लेन्स या गावाजवळ. मधल्या सत्त्याऐंशी वर्षांत त्यांनी जंगल तोडून शेती केली, घोड्यावरून शेकडो मैल फिरून मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचा उपदेश केला, दोनदा राज्याच्या विधिमंडळात निवडून गेले आणि १८४६ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या निवडणुकीत अब्राहम लिंकन यांच्याकडून हरले. त्यांच्यावर लिहिलेलं बरंच काही मिळतं, पण ते जवळजवळ सगळं उपदेशकाबद्दल. शेतकरी कार्टराइट कुठे कुठे विखुरलेला आहे, तो गोळा करायचा हे काम जूनच्या पहिल्या आठवड्यात हाती घेतलं आणि नोव्हेंबरच्या मध्यावर संपलं. प्रवास, प्रती, टपाल धरून सगळा खर्च तीनशे डॉलरच्या आत बसला. त्यातला निम्म्याहून जास्त प्रवासाचा.

अमेरिकेतल्या कुठल्याही जुन्या शेतकऱ्याचा माग काढायचा तर थोड्याफार फरकाने हीच दारं ठोठवावी लागतात. सातबारा आणि फेरफाराची सवय असलेल्या आपल्या माणसाला सुरुवातीचे पंधरा दिवस काहीच लागत नाही, म्हणून क्रमाने लिहिते.

जूनमध्ये सुरुवात त्यांच्या आत्मचरित्रापासून केली. ते १८५६ चं, न्यूयॉर्कमध्ये छापलेलं, आणि इंटरनेट आर्काइव्हवर पूर्ण फुकट वाचता येतं. वाचताना एकच काम करायचं: जिथे वर्ष, गाव किंवा माणसाचं नाव येईल तिथे ते वहीत उतरवायचं आणि समोरचा रकाना रिकामा ठेवायचा. त्या रकान्यात पुढे दुसरा पुरावा येणार. कार्टराइट सत्तरीच्या आसपास असताना आठवणींतून लिहीत होते, त्यामुळे प्रसंग ठसठशीत आहेत, पण तारखांना दुसरा आधार लागतोच. माझ्या वहीत साठ नोंदी झाल्या. शेवटी त्यातल्या एकोणचाळीस जुळल्या, सात खोडाव्या लागल्या, बाकीच्यांना दुसरा कागदच नाही.

दुसरा कागदच नसलेली एक नोंद मनातून जात नाही. १८२४ च्या शरदात हे कुटुंब केंटकीहून इलिनॉयला निघालं. वाटेत एका रात्री उघड्यावर मुक्काम पडला, झाडाच्या बुंध्याशी विस्तव पेटवलेला होता. ते झाड रात्री कोसळलं आणि त्यांची झोपेतली तिसरी मुलगी जागीच गेली. तिला गाडीत घेऊन ते पुढे गेले आणि हॅमिल्टन काउंटीतल्या एका दफनभूमीत पुरलं. या मृत्यूची सरकारदरबारी नोंद सापडणार नाही, कारण तेव्हा नोंद होतच नव्हती. इलिनॉयमध्ये काउंटीच्या पातळीवर मृत्यूनोंदणी सुरू झाली १८७७ च्या अखेरीस आणि राज्याच्या पातळीवर १९१६ मध्ये. म्हणजे खुद्द कार्टराइट यांचाही मृत्यूचा दाखला मिळणार नाही. हे आधी माहीत असतं तर काउंटी क्लार्ककडे अर्ज करून उत्तराची तीन आठवडे वाट पाहिली नसती. राज्याचं नोंदणीचं वर्ष सगळ्यात आधी बघा.

मग जमीन. इथे आपल्या गट नंबरासारखं काही असतं, पण त्याची मांडणी वेगळी. सरकारने मोजणी करून सगळा मुलूख चौकोनी टाउनशिपांत वाटला. एक टाउनशिप सहा मैल लांब, सहा मैल रुंद. तिचे ३६ भाग, प्रत्येकाला सेक्शन म्हणतात, आणि एक सेक्शन ६४० एकरांचा. त्याचा चतकोर म्हणजे १६० एकर, त्याचा अर्धा ८०. सेक्शनचे क्रमांक ईशान्य कोपऱ्यातून सुरू होतात, पश्चिमेकडे सहापर्यंत जातात आणि खालच्या ओळीत उलटे पूर्वेकडे येतात. बैल तासाच्या शेवटाला वळून शेजारचं तास धरतात तसे. हे एकदा डोक्यात बसलं की नोंद वाचता येते: चतकोर कुठला, सेक्शन कितवा, टाउनशिप मूळ रेषेच्या उत्तरेला कितवी, रेंज, म्हणजे टाउनशिपांची उभी रांग, मुख्य रेखावृत्ताच्या पश्चिमेला कितवी. सँगमन काउंटीसाठी ते रेखावृत्त तिसरं. कागदावर ३६ चौकोन स्वतः आखून क्रमांक घालून ठेवा. संगणकावर बघून उपयोग होत नाही, हाताने आखलं की चुका थांबतात.

इलिनॉय स्टेट आर्काइव्ह्जने सरकारी जमीनविक्रीच्या नोंदी फुकट शोधता येतील अशा ठेवल्या आहेत. खरेदीदाराचं नाव घातलं की एकर, दर, तारीख आणि जागा समोर येते. शोधताना आडनाव एकाच पद्धतीने लिहू नका. कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं, त्यामुळे कार्टराइटमधलं एखादं अक्षर गळलेलं किंवा शेवट बदललेला असतो. मी पाच वेगवेगळी रूपं घालून पाहिली. आणि एकाच नावाची दोन माणसं असू शकतात, म्हणून काउंटी आणि टाउनशिप दोन्ही जुळल्याशिवाय नोंद वहीत घ्यायची नाही.

दर जवळजवळ सगळीकडे एकच दिसतो, एकरी सव्वा डॉलर. १८२० च्या कायद्याने उधारी बंद झाली, दर खाली आला आणि कमीत कमी ८० एकर घेणं ठरलं. म्हणजे हातात शंभर डॉलर रोख असल्याशिवाय नवा शेतकरी दारात उभा राहू शकत नव्हता. १८३२ मध्ये ही मर्यादा ४० एकरांवर आली. होमस्टेड कायद्याची १६० एकर जवळजवळ फुकट जमीन ही नंतरची गोष्ट, १८६२ ची. कार्टराइट यांच्या पिढीला ती मिळालेली नाही. पुष्कळ ठिकाणी या दोन गोष्टींची सरमिसळ झालेली दिसते.

इथे एक फसगत होते. विक्रीची तारीख म्हणजे वस्तीची तारीख असं धरलं की सगळं गणित चुकतं. सरकारी मोजणी आणि विक्री होण्याआधीच लोक येऊन झोपडी बांधत, कुंपण घालत, थोडी जमीन फोडत. या मशागतीला तिथे इम्प्रूव्हमेंट म्हणत आणि तिचा हक्क एकमेकांना विकत. जमीन सरकारचीच, विकली जाते ती फक्त मेहनत. कार्टराइट यांनी रिचलंड क्रीकच्या काठी असाच आधी बसलेल्या माणसाचा ताबा घेतला. त्या व्यवहाराचा सरकारी कागद होत नाही. मग जमीन कचेरीत पैसे भरले की नोंद उमटते. स्प्रिंगफिल्डची कचेरी १८२३ मध्ये उघडली होती.

जागा ओढ्याकाठची का, हेही नकाशावर दिसतं. पहिल्या लोकांनी मोकळा गवताळ प्रेअरी सोडून झाडीची कड धरली. घराला, सरपणाला आणि कुंपणाच्या फळ्यांना लाकूड लागे, पाणी जवळ हवं. प्रेअरीची माती काळी आणि उत्तम, पण गवताच्या मुळांची जाळी इतकी घट्ट की ती पहिल्यांदा फोडायला अवजड नांगर आणि बैलांच्या अनेक जोड्या जुंपाव्या लागत. लाकडी किंवा ओतीव लोखंडाच्या फाळाला ती चिकट माती धरून बसे, दर काही पावलांना खरवडावी लागे. जॉन डीअरने इलिनॉयमध्येच ग्रँड डिटूरला गुळगुळीत पोलादी फाळ केला तो १८३७ मध्ये. काळ्या रानात वाफसा नसताना औत घातलेल्या माणसाला यातली अडचण वेगळी सांगायला नको.

जुलैत एक चूक केली. वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जकडून जमिनीची मूळ फाइल मागवली. शुल्क पन्नासेक डॉलर आणि वाट नऊ आठवड्यांची. होमस्टेडची फाइल असेल तर ते पैसे वसूल होतात, कारण तिच्यात घर केवढं, विहीर कधी खणली, किती एकर फोडली याच्या साक्षी असतात. रोख खरेदीच्या फाइलीत मात्र पावती आणि प्रमाणपत्र, बस. ऑनलाइन फुकट मिळालेल्या नोंदीत नव्हतं असं त्यात काही नव्हतं. फाइल मागवण्याआधी व्यवहार रोखीचा की होमस्टेडचा हे बघा.

ऑगस्ट चर्चच्या कागदांत गेला. मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चची वार्षिक इतिवृत्तं छापील आहेत आणि डिजिटल रूपात मिळतात. कुठला उपदेशक कुठल्या सर्किटवर, कुठल्या जिल्ह्यात, सभासद किती, हे सगळं वर्षावार. सर्किट म्हणजे फिरतीचा टापू, वस्त्यांची एक माळ, जी एका माणसाने घोड्यावरून फिरत राहायची. कार्टराइट यांना १८०२ मध्ये बोध करण्याचा परवाना मिळाला, १८०६ मध्ये बिशप अ‍ॅस्बरींनी डीकनपदाची, म्हणजे पाळकाच्या पहिल्या पायरीची, आणि १८०८ मध्ये बिशप मॅकेंड्री यांनी एल्डरपदाची, म्हणजे पूर्ण पाळकाची, दीक्षा दिली. पुढे पन्नास वर्षं ते प्रिसायडिंग एल्डर होते. आपल्याकडच्या मेथडिस्ट मंडळींना हे पद जिल्हा अधीक्षक म्हणून ओळखीचं आहे. मुंबईत विल्यम टेलर यांच्या सभांतून मेथडिस्ट मंडळी उभी राहिली ती १८७१-७२ मध्ये, म्हणजे कार्टराइट यांच्या शेवटच्या दिवसांतच. सर्किट, तिमाही सभा, जिल्हा ही चौकट तीच. त्यामुळे ज्यांच्या घरी मेथडिस्ट परंपरा आहे त्यांना ही इतिवृत्तं माझ्यापेक्षा लवकर उलगडतील.

या इतिवृत्तांतून शेतीचा दुवा लागतो. १८०० साली फिरत्या उपदेशकाचा वर्षाचा भत्ता ८० डॉलर ठरला होता, १८१६ मध्ये तो १०० झाला. बायकोसाठी तेवढाच वेगळा आणि मुलांसाठी थोडाफार. पण हा भत्ता सर्किटवरच्या लोकांनी गोळा करून द्यायचा, आणि लोकांकडेच रोकड नसे. ठरलेलं पूर्ण हातात पडलं अशी वर्षं थोडी. कार्टराइट यांना नऊ मुलं, सात मुली आणि दोन मुलगे. ८० एकरांचे १०० डॉलर आणि उपदेशकाचा वर्षाचा पूर्ण भत्ता हे दोन आकडे मी एकाच पानावर लिहिले तेव्हा चित्र स्पष्ट झालं: उपदेशाने घर चालत नव्हतं, शेतीने उपदेश चालत होता.

मग शेती कोण करत होतं? प्रिसायडिंग एल्डरला जिल्ह्यातल्या प्रत्येक सर्किटवर वर्षातून चार तिमाही सभा घ्याव्या लागत. जिल्हा शेकडो मैलांचा. इतिवृत्तातली सर्किटं मोजली, त्यांना चारने गुणलं, प्रवासाचे दिवस धरले की पेरणी-कापणीच्या दिवसांतही हा माणूस घरी नव्हता हे उघड होतं. घरी होत्या फ्रान्सिस गेन्स कार्टराइट. लग्न १८ ऑगस्ट १८०८ चं. त्या दिवशी त्यांना एकोणीस वर्षं पूर्ण झाली. छापील पुस्तकांत त्यांच्यासाठी फार ओळी नाहीत, म्हणून सप्टेंबरमध्ये त्यांच्यासाठी वेगळा शोध घेतला.

त्यासाठी स्प्रिंगफिल्डला जावं लागलं. शिकागोहून अ‍ॅमट्रॅकच्या रेल्वेने साडेतीन तासांच्या आत पोचता येतं. दोन दिवस पुरतात, पण आधी इमेल करून काय बघायचं ते कळवा. नुसतं गेलं तर अर्धा दिवस सूची चाळण्यात जातो. सँगमन काउंटीचे जुने न्यायालयीन कागद इलिनॉय विद्यापीठाच्या स्प्रिंगफिल्ड आवारातल्या प्रादेशिक अभिलेखागारात आहेत, आणि लिंकन लायब्ररी या सार्वजनिक ग्रंथालयात सँगमन व्हॅली कलेक्शन हा स्थानिक इतिहासाचा कक्ष आहे. पेन्सिल न्या, शाईचं पेन बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत. फोटो काढताना आधी पुस्तकाचा क्रमांक आणि पान लिहिलेली चिठ्ठी, मग मजकूर, असाच क्रम ठेवा. घरी आल्यावर कुठला फोटो कुठल्या खंडातला हे आठवत नाही.

खरेदीखतं दोन सूचींतून शोधायची, एक विकणाऱ्यांच्या नावाने, दुसरी घेणाऱ्यांच्या. फ्रान्सिसबाई यातल्या विकणाऱ्यांच्या बाजूला भेटतात. नवऱ्याच्या जमिनीत बायकोचा डॉवर नावाचा हक्क असे. जमीन विकताना तो सोडते आहे हे तिला नवऱ्याच्या मागे वेगळं विचारून, कोणाच्या दबावाने नाही ना याची खात्री करून अधिकारी लिहून ठेवत. आपल्याकडच्या खतांतल्या संमतीच्या सहीसारखं, फक्त जास्त सविस्तर. कुठल्याही जुन्या अमेरिकन शेतकरी बाईचं नाव शोधायचं असेल तर खतातला हा शेवटचा परिच्छेद कधीही वगळू नका.

दुसरी जागा म्हणजे १८५० च्या खानेसुमारीचा शेतीचा तक्ता. १८४० पर्यंतच्या खानेसुमारीत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकीची नुसती डोकी. १८५० पासून घरातल्या प्रत्येकाचं नाव, वय, जन्माचं राज्य. शेतीचा तक्ता वेगळा असतो आणि बरेच जण तो उघडतच नाहीत. वहितीखालचे एकर, पडीक एकर, शेताची किंमत, अवजारांची किंमत, घोडे, दुभत्या गाई, कामाचे बैल, मेंढ्या, डुकरं, गहू, मका, ओट, लोकर, लोणी, चीज, घरी बनवलेल्या मालाची किंमत. १ जून १८५० ला संपणाऱ्या वर्षाचा हिशोब. ओळ आडवी दोन पानांवर पसरते, म्हणून रकाना चुकतो. पानावर एक पट्टी ठेवून वाचा आणि वरचा-खालचा शेतकरीही उतरवून घ्या, म्हणजे तुमचा आकडा त्या टापूत मोठा की मध्यम ते कळतं. लोणी, लोकर आणि घरगुती मालाचे रकाने मी सगळ्यात सावकाश वाचले. दूध घुसळणं, सूत कातणं, कापड विणणं ही बायकांची आणि मुलींची कामं. कुटुंबप्रमुखाच्या नावासमोर लिहिलेले लोण्या-लोकरीचे हे पौंड त्यांच्या हातचे आहेत.

वर्तमानपत्रांसाठी कुठे जायची गरज पडली नाही. सँगमो जर्नल १८३१ पासूनचं, इलिनॉयच्या डिजिटल वृत्तपत्र संग्रहात फुकट आहे. १८३२ च्या विधिमंडळ निवडणुकीत कार्टराइट निवडून आले आणि तेवीस वर्षांचे लिंकन तेरा उमेदवारांत आठवे आले. १८४६ मध्ये लिंकन यांना ६,३४० मतं आणि कार्टराइट यांना ४,८२९. हे वर्तमानपत्र लिंकनच्या बाजूचं होतं, त्यामुळे कार्टराइट यांच्यावरचे मजकूर त्या हिशेबाने वाचायचे. १८५९ च्या उन्हाळ्यात प्लेझंट प्लेन्समध्ये त्यांच्या नातवाच्या, पीची क्विन हॅरिसनच्या, हातून ग्रीक क्राफ्टन हा तरुण चाकूने जखमी होऊन दगावला. बचावाला लिंकन उभे राहिले. मरणाऱ्या तरुणाने आपल्याजवळ मारणाऱ्याला क्षमा केल्याची साक्ष कार्टराइट यांनी दिली आणि नातू निर्दोष सुटला. या खटल्याचं हस्तलिखित १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात सापडलं. त्यातली कार्टराइट यांची साक्ष वाचताना छापील पुस्तकाबाहेरचा त्यांचा आवाज ऐकू येतो. एक म्हातारा पाळक, समोर मेलेला मुलगा ओळखीचा, आरोपी स्वतःचा नातू. मला या सगळ्या कामात सर्वात जड गेलेली पानं तीच.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा एक फेरी, या वेळी प्लेझंट प्लेन्सला. स्प्रिंगफिल्डच्या वायव्येला पंधरा-सोळा मैल, गाडी भाड्याने घ्यावी लागते. ज्या टाउनशिपमध्ये ते राहिले तिचं नाव आज कार्टराइट टाउनशिप आहे आणि गावातलं मेथडिस्ट चर्चही त्यांच्याच नावाचं. त्यांची कबर गावच्या दफनभूमीत आहे. जुन्या दगडावरची अक्षरं वाचायला खडू, पीठ किंवा दाढीचा फेस लावू नका. त्यातले घटक दगडात मुरतात आणि पुढच्या हिवाळ्यात पापुद्रे सुटतात. एक मोठा आरसा न्या आणि बाजूने तिरपा उजेड पाडा, झिजलेलं अक्षर आपोआप वर येतं. सकाळी किंवा कलत्या उन्हात हे सोपं. दगडावरची तारीख, मृत्युलेखातली तारीख आणि १८७६ मध्ये निघालेल्या सँगमन काउंटीच्या जुन्या रहिवाशांच्या चरित्रकोशातली तारीख, तिन्ही ताडून बघायच्या. मृत्युलेखाच्या बाबतीत अंकाची तारीख आणि मृत्यूची तारीख यांची गल्लत सर्रास होते. बातमीत नुसता वार असेल तर त्या महिन्याचं कॅलेंडर काढून मोजा. २५ सप्टेंबर १८७२ हा बुधवार होता.

शेवटी प्रोबेट, म्हणजे गेलेल्या माणसाच्या मालमत्तेचं न्यायालयातलं काम. एवढ्या वयाचा, जमीनजुमला असलेला शेतकरी गेला की न्यायालयात कागद होतात. इलिनॉयमधल्या त्या काळच्या फाइलीत मालमत्तेची यादी, मूल्यमापकांनी ठरवलेली किंमत, विधवेसाठी राखलेला वाटा, लिलावाची यादी आणि घेणेकऱ्यांचे दावे असू शकतात. नाव आणि मृत्यूचं वर्ष देऊन पत्र पाठवलं, एका पत्रात दोनच नावं विचारली, उत्तराला महिनाभर लागला. प्रती मागताना पूर्ण फाइल मागा, फक्त मृत्युपत्र नको. अवजारांची आणि जनावरांची यादी मूल्यमापकांच्या कागदात असते. १८७४ चा काउंटीचा अ‍ॅटलासही याच वेळी बघून घ्या. मृत्यूनंतर दोनच वर्षांनी कुठल्या तुकड्यावर कोणाचं नाव आहे हे त्यात दिसतं, आणि सव्वा डॉलरने घेतलेल्या जमिनीच्या मूळ नोंदीशी ते ताडता येतं.

फ्रान्सिस कार्टराइट १८७६ मध्ये गेल्या. वहीतल्या साठ नोंदींत त्यांच्या नावाच्या अकरा. जूनमध्ये दोनच होत्या.